एकशे अठरा कोटींचं गाव

१९५४ साली हुसेनने चौदा फुटी चित्र काढलं, 'ग्रामयात्रा'. तेरा चौकटींत भारताचं खेडं. ते कैक वर्षं ऑस्लोच्या इस्पितळात टांगलेलं होतं. मार्च २०२५ ला न्यूयॉर्कच्या लिलावात किरण नाडरबाईंनी ते उचललं. सुमारे ११८ कोटींना!

बाईंनी २०१० साली आपल्या पैशाने म्युझियम काढलंय. दिल्लीत साकेतला, मॉलला लागून. तिकीट नाही. म्हंजे सार्वजनिक.

मला भांडायचंय ते याच शब्दाशी. महाडचं तळंही नगरपालिकेच्या ठरावाने सार्वजनिकच झालं होतं की! तरी १९२७ साली बाबासाहेबांना स्वतः पाण्यात उतरावं लागलं. दार उघडं असणं वेगळं नि आत आपला हक्क असणं वेगळं.

मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. चित्रातलं तुला काय कळतं, म्हणतील. रंगातलं नसेल कळत, गावातलं कळतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या आरत्या ओवाळणाऱ्यांचे वाभाडे काढले होते. सहाच वर्षांनी ही ग्रामयात्रा! शेतकरी आहे, बैलगाडी आहे, बायाबापड्या आहेत. गावकूस कुठाय? महारवाडा, मांगवाडा कुठल्या चौकटीत? हुसेन तरी पोटासाठी सिनेमाची पोस्टरं रंगवलेला माणूस. त्याच्यावर माझा तेवढा राग नाही. भिंतीवर काय टांगायचं, कुठलं गाव देशाचं म्हणून पोरांना दाखवायचं, हे ठरवणाऱ्या टेबलाशी आपलं कोण बसतं, ते सांगा.

दिल्लीला मोर्चाला गेलात की साकेतला जा. फुकट आहे. दहाजण जा, नि माहिती सांगणाऱ्याला मोठ्याने विचारा, आमची वस्ती कुठल्या भिंतीवर आहे?