आधी कॅमेरा, मग पहार

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यात आमचा संडास तिसऱ्यांदा तुंबला. ‘वहिनी, पोराला टाकीत उतरवून बघतो,’ प्लंबर म्हणाला. मीही ‘बघा’ म्हणणार होते! पण टाकीतला विषारी वायू क्षणात जीव घेतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदीच आहे.

मग शहरातून कॅमेरावाला बोलावला. लांब केबलच्या टोकाला दिवा नि इवलासा कॅमेरा. पाणी उपसून केबल चेंबरमधून आत सरकवली, तर पडद्यावर काय दिसावं? पाइपच्या सांध्यातून पेरूची मुळं शिरलेली! टाकीत काही नव्हतंच. दोन फरशा काढून काम भागलं.

पैसे गेले, पण कुणाचं लेकरू तर वाचलं. उतरणारा तयार असला, तरी ‘नको’ आपणच म्हणायचं.