न्यायाधीशाची हजेरी कोण मांडणार?

शिळफाटा म्हणजे मुंब्र्याकडचा नव्हे, आमचा खोपोलीचा. संध्याकाळी फाट्यावर उभा होतो. एस्टीतनं दोस्त उतरला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. विचारलं, काय झालं? बोल्ला, "तारीख." ॲट्रॉसिटीची केस. एका कोर्टात चौथं वर्ष चाललंय. कायद्याचं कलम १४ म्हणतं, आरोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो २ महिन्यांत खटला संपवा. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्या 'शक्यतो'मध्ये चार वर्षं आरामात मावली.

मी गोदीत माल उचलतो. माझी हजेरी मुकादम रोज मांडतो. किती गोणी उचलल्या, किती फाटल्या, सगळं टॅलीवर चढतं. मग न्यायाधीशाची टॅली कुठाय? आहे, बरं का. संविधानाच्या कलम २३५ नं खालच्या कोर्टांवर हायकोर्टाचा ताबा आहे. त्यांचे गोपनीय अहवाल लिहिले जातात. गोपनीय! म्हणजे ज्याच्या बोकांडी निकाल बसतो त्यानं ते बघायचे नाहीत.

अमेरिकेतल्या काही राज्यांत न्यायाधीश ठराविक वर्षांनी लोकांपुढं उभा राहतो. समोर उमेदवार नाही, सवाल एकच : ठेवायचा की काढायचा? मिसूरीत हे १९४० साली सुरू झालं. अलास्कात तर मतदानाआधी एक मंडळ वकिलांना, पोलिसांना, ज्यूरीत बसलेल्यांना विचारून न्यायाधीशाचा अहवाल छापतं आणि मतदाराच्या हातात देतं.

आमचा एक कॉलेजवाला मित्र हे वाचून उसळला. म्हणतो, इथंपण उभे करा साल्यांना मतदानाला! मी म्हटलं, थांब बाबा. मत कुणाचं? गावात आपली घरं किती, त्यांची किती, मोज एकदा. कॅलिफोर्नियात १९८६ साली रोझ बर्ड या मुख्य न्यायाधीशबाईंना लोकांनी मत देऊन घरी बसवलं. का? तर त्यांनी फाशीच्या शिक्षा रद्द केल्या म्हणून. आयोवात २०१० साली तिघे गेले, समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला म्हणून. बहुमत रागावलं की न्यायाधीश गेला. महाडला १९२७ साली असं मत घेतलं असतं तर चवदार तळं अजून बाटतच राहिलं असतं.

आणि तळ्याची केस आपण पोरांनी नीट वाचलेलीच नाही. जयंतीला तळ्याचं पाणी पितो, निकाल वाचत नाही. १२ डिसेंबर १९२७ ला सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा टाकला. दोन दिवसांत, १४ तारखेला, बाबासाहेबांवर तात्पुरता मनाईहुकूम. त्यांच्यासाठी दोन दिवस, आपल्यासाठी चार वर्षं! बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. दावा १९३१ साली फेटाळला, मग ठाण्याला अपील, मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला आपण जिंकलो. सव्वानऊ वर्षं! पण जिंकलो कशावर? ब्रूमफिल्ड आणि वाडिया या न्यायमूर्तींनी शिवाशीव हा गुन्हा आहे असं ठरवलं नाही. सवर्णांना त्यांची रूढी अनादी काळापासून चालत आलीय हे सिद्ध करता आलं नाही, एवढंच. म्हणजे सिद्ध झाली असती तर? निकाल आपल्या बाजूचा, पण कारण आपलं नाही. टॅली मांडायची तर ती या कारणांची. नुसतं कोण जिंकला-हरला हे तर वकिलाचा कारकूनही सांगतो.

आपल्याकडं न्यायाधीशाला ठेवायचं की काढायचं हे ठरतच नाही असं नाही. ठरतं, पण बंद खोलीत. १९ जानेवारी २०२१ ला नागपूर खंडपीठाच्या न्या. पुष्पा गनेडीवाला यांनी निकाल दिला : १२ वर्षांच्या पोरीची छाती कपड्यावरून दाबली, कातडीला कातडी लागली नाही, म्हणून पोक्सोखालचा लैंगिक हल्ला नाही. त्या तेव्हा अतिरिक्त न्यायमूर्ती होत्या. कायम करण्याची शिफारस झाली होती, ती कॉलेजियमनं मागं घेतली. एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. सुप्रीम कोर्टानं १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द केला, २०२२ च्या फेब्रुवारीत बाईंनी राजीनामा दिला. निकाल वाईटच. पण मला खटकतं ते हे की, बाई अजून कायम झाल्या नव्हत्या म्हणून हे जमलं. कायम झालेल्याला काढायचं तर संसदेत महाभियोग. १९९३ साली रामस्वामींवर आणला, काँग्रेसवाले तटस्थ बसले, खलास.

आणि २० मार्च २०१८? कराडच्या केसवरून सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी ॲट्रॉसिटीचे दात काढले. २ एप्रिलला देशभर आपली माणसं रस्त्यावर आली, काही मेली. संसदेनं कायदा दुरुस्त केला, कोर्टानं १ ऑक्टोबर २०१९ ला आपलेच आदेश मागं घेतले. त्या दोघांपैकी एक न्या. गोयल, जुलै २०१८ मध्ये निवृत्त झाले त्याच दिवशी हरित न्यायाधिकरणाचे अध्यक्ष झाले. त्यांचा अहवाल कुणी वाचला?

दोस्त घाबरतो. म्हणतो, न्यायाधीशावर लिहिलंस तर बेअदबी. न्यायाधीश वर्गीय पूर्वग्रहानं वागतात असं बोलले म्हणून केरळचे नंबुद्रीपाद दोषी ठरले, खरंय. १९७० साली सुप्रीम कोर्टानं त्यांचा दंड १००० वरनं ५० रुपयांवर आणला, पण दोष ठेवला. तरी १९७१ च्या कायद्याचं कलम ५ सांगतं, निकाल लागलेल्या खटल्यावर रास्त टीका केली तर ती बेअदबी नाही. न्यायाधीशाच्या जातीवर, घरावर लिहायचं नाही. कागदावर लिहायचं.

म्हणून आपण वही घालू. केसचा नंबर टाकला की ई-कोर्ट्सवर सगळ्या तारखा दिसतात, मोबाईल तर आपल्या सगळ्यांकडं आहे. तारीख कुणी मागितली, आरोपीच्या वकिलानं की सरकारी? साक्षीदार आला आणि न बोलताच परत गेला, असं किती वेळा? पीडिताला कलम १५अ प्रमाणं बोलू दिलं का? सुटका झाली तर कारण काय लिहिलंय : जात माहीत होती हे सिद्ध झालं नाही, की तपासच कच्चा? तपास कच्चा असेल तर तो न्यायाधीशाच्या खात्यावर टाकायचा नाही, पोलिसाच्या टाकायचा. खोटं एकही नको. एक खोटी नोंद सापडली तर वही गेली चुलीत.

दोस्ताची पुढची तारीख मंगळवारी आहे. मी पाळी बदलून घेतलीय. खोपोली-कर्जतच्या पोरांनी सकाळी साडेआठला फाट्यावर यायचं. मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही.