रेफर केलं, पुढे काय?

नोकरीची सगळी वर्षं मी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली. 'रेफर केलं' हे दोन शब्द आपल्याकडे कुठल्या सुरात म्हटले जातात, ते मला पाठ आहे. रजिस्टरला लाल शाईची ओळ, गाडीची वेळ, झालं. पुढचं पुढचे बघतील!

जोखमीची गरोदर बाई आधीच हुडकून पाठवता येते. बाळंतपणानंतरचा रेफर मात्र गळ्याशी आल्यावरच होतो. बाळ रडलं, वार पडली, बाळाचा बाप पेढे आणायला गेला, आणि इकडे बाईचं अंगावरून जायचं थांबत नाही. अर्धा लिटर रक्त गेलं की धोका, असं आम्हाला शिकवलेलं. पण ते रक्त चादरीत, पॅडमध्ये, बादलीत वाटलं जातं आणि नजरेचा अंदाज बहुतेक वेळा कमीच भरतो. तरी पोट चोळणं, ऑक्सिटोसिन, सलाईन, १०८ ला फोन, एवढं आमच्या मुली नीट करतात.

घोळ असतो तो चिठ्ठीत. 'डिलिव्हरीनंतर ब्लीडिंग, पुढील उपचारासाठी पाठवत आहे.' बस! वार कधी पडली, पूर्ण पडली का, इंजेक्शन कुठलं आणि किती वाजता, बीपी किती, रक्तगट कोणता, कशाचा पत्ता नाही. झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, देऊनच गाडीत घालायचं असतं. तो लिहिला नाही तर पुढच्या डॉक्टरने काय समजायचं? सोबतच्या सासूला विचारलं की ती म्हणते, "दोन सुया टोचल्या बाई, कसल्या ते काय ठाऊक."

लिहायला वेळ कुठे असतो, असं कुणी म्हणेल. खरंच नसतो. म्हणून तर रिकाम्या जागांचा छापील कागद हवा, गाडीत बसून भरता येईल असा. आणि निघण्याआधी फोन. रक्त शिल्लक नाही, भूलतज्ज्ञ रजेवर आहेत, हे गाडी फाटकात शिरल्यावर कळलं तर तिथून दुसरी चिठ्ठी निघते आणि बाई पुन्हा रस्त्यावर. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूती विभागाचा ड्युटीचा एकच मोबाइल नंबर असावा, आणि फोनवर 'पाठवा' म्हणणाऱ्या डॉक्टरचं नाव चिठ्ठीवर यावं. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेणारी आणि घरी सोडणारी गाडी मोफत आहे. सरकारने डिझेल दिलं. निरोप पोचवणं आपल्या हातात होतं.

उलटा निरोप तर येतच नाही. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ बघायला घरी जाते. पण बाईची नोंद सासरच्या गावात आणि बाई माहेरी. माहेरच्या आशाताईला कुणी कळवलेलंच नसतं, की हिला झटके आले होते, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. डोकं ठणकतंय म्हटलं की 'वारं लागलं' म्हणून कानाला फडकं बांधलं जातं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, पिशवीच्या तळाशी.

घरी सोडायच्या दिवशी मोठ्या रुग्णालयातल्या सिस्टरने दोन फोन करावेत, एवढंच मागणं आहे: एक पाठवणाऱ्या नर्सला, दुसरा आशाताईला. कुठल्या गावच्या, ते ठरवण्याआधी बाळंतिणीलाच विचारावं लागेल, ती राहणार कुठे.