गाडीची ताकद चढावर बघू नका, उतारावर बघा



टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला की ऑफिसात एकच चौकशी सुरू होते. "पिकअप घ्यायचीय, कोणती घेऊ? ओढायला कशी आहे?" मग जमलेल्यातला एकजण छाती फुगवून सांगतो, "आपली गाडी ९० क्रेट भरले तरी घाटात दुसऱ्या गिअरच्या खाली येत नाही." झालं! ऐकणाऱ्याचा निर्णय तिथंच होतो.

आज हवामानाचा किंवा फवारणीचा सल्ला नाही. आज गाडीबद्दल माझं मत सांगतोय. पटलं तर घ्या, नाही पटलं तर खाली उत्तर लिहा. पण पूर्ण वाचा, कारण यात पैशाचा प्रश्न आहे आणि रात्री गाडीवर जाणाऱ्या तुमच्या पोराच्या जिवाचाही आहे.

*माझं म्हणणं एका ओळीत:* मालक खूश असतो इंजिनावर, पण गाडी टिकते आणि माणूस घरी येतो तो चासी, पाटे, अ‍ॅक्सल आणि ब्रेकच्या जोरावर. आणि या चौघांची ताकद हॉर्सपॉवरमध्ये लिहिलेली नसते, ती आरसीवर किलोमध्ये लिहिलेली असते.

*आधी इंजिनाचं बघू*

२००५ साली टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती आला, तेव्हा त्याचं इंजिन होतं ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं, १६ हॉर्सपॉवरचं. तेवढ्यावर तो गावोगाव पोचला. आज आपल्या भागात दिसणाऱ्या अडीच लिटरच्या डिझेल पिकअपला साधारण ७० ते ८० हॉर्सपॉवर असतात आणि टॉर्क २०० ते २२० न्यूटन मीटर. तोही दीड-दोन हजार आरपीएमलाच मिळतो. म्हणून भरलेली गाडी जागेवरून सहज उठते. मालकाला जी "ओढ" जाणवते ती हीच. त्यात खोटं काही नाही.

आता हिशेब करू. समजा १५ मीटर पुढं गेल्यावर १ मीटर चढ, असा घाट आहे. माल-माणसांसकट ३ टनाची गाडी तो ताशी ३० च्या वेगानं चढायला चाकांवर साधारण २६-२७ हॉर्सपॉवर लागतात. तीच गाडी ओव्हरलोड करून पावणेचार-चार टन केली तर ३५-३६ लागतात. इंजिनात आहेत ७०-८०. गिअरबॉक्समध्ये थोडी ताकद वाया जाते, ती सोडली तरी इंजिन ओढणारच. ते तक्रार करत नाही.

घोटाळा इथंच होतो. इंजिन ओढतंय म्हणजे गाडी पेलतेय, असं आपण धरून चालतो. बैल तगडे म्हणून गाडीचा आस मोडत नाही, असं कधी झालंय का?

*आता उताराचं*

एक गोष्ट नीट आठवून बघा. आपला माल जातो कुठं? कल्याण, वाशी, मुंबई. माळशेज घ्या, खंडाळा घ्या, नाशिककडच्यांनी कसारा घ्या. जाताना गाडी भरलेली असते आणि घाट *उतरायचा* असतो. येताना घाट चढायचा असतो, तेव्हा हौद्यात रिकामे क्रेट असतात. म्हणजे ज्या चढाच्या ताकदीसाठी आपण जादा पैसे मोजतो, तो चढ भरल्या गाडीनं आपल्याला फारसा चढायचाच नसतो. भरल्या गाडीनं करायचं काम एकच, ती आवरणं.

ते काम केवढं मोठं आहे बघा. ३ टनाची गाडी ५०० मीटर उंची उतरली आणि सगळा भार नुसत्या ब्रेकवर टाकला, तर त्यातून निघणारी उष्णता साधारण ४५ लिटर साधं पाणी उकळायला पुरेल. चार टन असेल तर ६० लिटर. ही सगळी आग चार चाकांच्या ड्रम, डिस्क आणि लायनरमध्ये साठते. लायनर तापला की त्याची पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात ओल शिरलेली असते, ते लवकर उकळतं आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं.

हे पुस्तकातलं सांगत नाही. माझ्याच गाडीचा तिसरा हंगाम होता. रात्रीचे दोन, माळशेज, वर पाऊस आणि धुकं. क्रेट किती होते ते सांगायलाही आता लाज वाटते. अर्ध्या घाटात पॅडल खाली गेलं. पुढं मोठा ट्रक. कसंबसं दुसऱ्या गिअरला घेतलं, हँडब्रेक ओढत ओढत डोंगराच्या बाजूला घासून गाडी थांबवली. शेजारी भाचा बसला होता, त्यानंतर कल्याणपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. गॅरेजला गाडी वर घेतली तेव्हा मागचे ड्रम निळे पडलेले आणि मुख्य पाट्याला चीर. इंजिन मात्र एकदम खणखणीत! गाडी कोणत्या कंपनीची होती याला महत्त्व नाही. चूक गाडीची नव्हतीच, भरणाऱ्याची होती.

*"मी जादा पाटा टाकलाय" म्हणणाऱ्यांसाठी*

जादा पाटा टाकल्यानं गाडी मागं बसत नाही, एवढंच होतं. अ‍ॅक्सल तोच, बेअरिंग तेच, चासी तीच, ब्रेक तेच. पासिंग एका किलोनंही वाढत नाही.

उलट एक तोटा होतो, तो बहुतेकांना माहीत नसतो. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी एक व्हॉल्व असतो. गाडी मागून किती दबली त्यावरून तो भार ओळखतो आणि मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. जादा पाट्यामुळं गाडी दबतच नाही, मग व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे. म्हणजे भार वाढवला आणि मागचा ब्रेक कमी केला, दोन्ही एकदमच.

झिजेचंही तसंच. दीडपट वजन टाकलं म्हणजे दीडपट झीज, असं नसतं. लोखंड रोज थोडं वाकून सरळ होत असतं. ते मर्यादेबाहेर वाकायला लागलं की त्याचं आयुष्य फार झपाट्यानं घटतं. म्हणून पहिल्या वर्षी काहीच जाणवत नाही आणि तिसऱ्या हंगामात पाटा, यू-बोल्ट, हौद्याचे सांधे, चासीचे वेल्डिंग सगळं एकदम बोलायला लागतं. तेव्हा आपण म्हणतो, "कंपनीनं पत्रा हलका दिला." कधीकधी खरंच हलका असतो. पण आधी काट्याची पावती बघू, मग कंपनीला बोलू.

*आपल्या गाडीत खरे किती क्रेट बसतात?*

आरसी काढा. त्यावर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. समजा रिकामी १,६५० किलो आणि एकूण २,९५०. फरक १,३००. हेच तुमचं पासिंग. पण ते सगळं मालासाठी नसतं:

▪️ ड्रायव्हर आणि सोबतीचा एक: धरा १३० किलो
▪️ नंतर बसवलेली जाळी, ताडपत्री, दोर: धरा ७० किलो
▪️ उरले १,१०० किलो
▪️ एक भरलेला क्रेट, क्रेटच्या वजनासह: साधारण २२ किलो

म्हणजे *५० क्रेट*. आपण भरतो ९०! तेव्हा गाडी ८८० किलो जादा झालेली असते.

आता दंडाचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच, आणि तो उतरवल्याशिवाय गाडी पुढं सोडायची नाही असंही कायद्यात आहे. रात्री तीन वाजता रस्त्याच्या कडेला ४० क्रेट उतरवून ठेवले तर त्या मालाचं सकाळी काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. अपघात झालाच तर विमा कंपनी पहिल्यांदा काट्याची पावती मागते.

जादा ४० क्रेटमागं वाचतं किती? क्रेटला २५ रुपये भाडं धरा (तुमचा दर असेल तो घाला). एका खेपेला १,००० रुपये. म्हणजे एक दंड भरायला २० खेपांची बचत गेली. त्यात ब्रेक लायनर, टायर आणि पाटे अजून धरलेलेच नाहीत.

*मला माहितेय तुम्ही काय म्हणाल*

"भाव पडलेला असतो, क्रेटमागं भाडं परवडत नाही, म्हणून भरतो." बरोबर आहे. हौसेनं कोणी ओव्हरलोड करत नाही. भाडं क्रेटवर ठरतं, म्हणून प्रत्येकजण जास्त क्रेट कोंबतो, आणि पासिंगमध्ये भरणारा एकटा पडतो. एकट्यानं हे सुटणार नाही, म्हणूनच कंपनीच्या मेसेजवर लिहितोय. आपण सगळे मिळून संकलन केंद्रावर एकच नियम पाळला तर कोणी मागं पडणार नाही. ज्याचे ९० क्रेट आहेत त्याचे ५० एका गाडीत, उरलेले ४० शेजाऱ्याच्या अर्ध्या भरलेल्या गाडीत. आणि रोजच माल मोठा असेल तर जास्त हॉर्सपॉवरची नको, *जास्त पासिंगची* गाडी घ्या.

*गाडी घेण्याआधी मालकाला हे विचारा*

नव्या गाडीचा मालक नेहमी खूशच असतो, हप्ते नुकतेच सुरू झालेले असतात. तीन हंगाम झालेला मालक गाठा:

१. काट्यावर भरलेली गाडी किती भरते? (क्रेट नको, किलो सांग.)
२. पाटे, यू-बोल्ट, मागचं बेअरिंग कधी बदललं?
३. लायनर किती खेपांत जातात?
४. हौद्याच्या खाली, चासीच्या जोडाला गंज किंवा चीर आहे का? स्वतः वाकून बघा.
५. पार्ट तालुक्यात मिळतात की गाडी चार दिवस उभी राहते?

"ओढते कशी" हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आजकालच्या सगळ्याच गाड्या ओढतात.

*आणि आज रात्री घाट उतरणाऱ्यांसाठी*

✅ जो गिअर चढायला लागेल, त्याच गिअरनं उतरा. गिअर वरच टाका, मध्ये नको.
✅ ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा.
✅ ब्रेक ऑइल दोन वर्षांत एकदा बदला.
❌ न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर लवकरच संपतो आणि पॅडल दगडासारखं होतं. डिझेलही वाचत नाही. नव्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेल बंदच होतं, न्यूट्रलला मात्र जळत राहतं.

हंगाम सुरू होण्याआधीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे: संकलन केंद्रावरून सुटणारी प्रत्येक गाडी काट्यावरून जावी आणि पासिंगपेक्षा जास्त भरू नये. विरोध असेल तर बैठकीत येऊन बोला, मागं बोलू नका.

तोवर एक काम करा. पुढच्या खेपेला गाडी भरल्यावर एकदा काटा करा, आणि पावती व आरसीचा फोटो याच नंबरवर पाठवा. नाव कुठंही दाखवणार नाही. आपण खरंच किती भरतो, ते निदान आपल्याला तरी कळू दे.

गाडी सावकाश चालवा. घरी वाट बघतात.

— वाहतुकीचं काम बघणारा तुमचाच एक संचालक