सेवेला सवाब म्हणता, मग पगाराची लाज का?

माझी अम्मी गेली नऊ वर्षं पुण्यात एका आजींना सांभाळते. वेळेवर औषधं, इन्सुलिनचं इंजेक्शन, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं तिला येतं. कागद मात्र एकही नाही. म्हणून ब्युरोच्या वहीत ती नुसती ‘बाई’ आहे. बारा तासांची ड्युटी, पगारी सुट्टी नाही, वर ब्युरोचं कमिशन.

मागच्या महिन्यात आमच्या जमातीच्या बैठकीत मी म्हटलं, शादीखान्यावर आणखी एक मजला चढवण्यापेक्षा वीस मुलींची नर्सिंगची फी भरूया. एक चाचा म्हणाले, “आपल्या पोरी आता परक्यांच्या म्हाताऱ्या धुणार का?” सगळे हसले. मी अम्मीचा मुलगा, तरी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

चाचा, आपल्या पोरी, आपल्या आया हे काम आधीपासून करतायत. प्रश्न एवढाच आहे: शिकून, मानाने आणि पुऱ्या पगारावर करायचं की लपूनछपून, अर्ध्या पगारावर?

देश म्हातारा होतोय. 2011च्या जनगणनेत साठी ओलांडलेले साधारण 10.4 कोटी लोक होते. सरकारी अंदाजानुसार 2031पर्यंत ते 19 कोटींच्या पुढे जातील. यांना नर्स लागतील, फिजिओथेरपिस्ट लागतील, डायलिसिस टेक्निशियन आणि घरी येऊन सांभाळणारी शिकलेली माणसं लागतील. ही कामं पोरींचीच नाहीत, पोरांचीही आहेत. महाराष्ट्र सरकारने 2024मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तोही याच गरजेतून. तिथे जायला नुसते कष्ट पुरत नाहीत. मान्य पदवी-पदविका लागते, जर्मन भाषा लागते.

केरळमध्येही एकेकाळी नर्सिंगचं नाव काढलं की लोक नाकं मुरडायचे. तरी तिथल्या मुली शिकल्या, आखातापासून युरोपपर्यंत गेल्या आणि त्यांच्या पगारावर घरं उभी राहिली. आणि ‘परक्यांच्या’ म्हाताऱ्यांचं म्हणाल, तर रत्नागिरी-रायगडातल्या आपल्याच मोहल्ल्यांत फिरून या. मुलगा कुवेतला किंवा दुबईला, घर दुमजली आणि आत गुडघे धरून बसलेली एकटी दादी. तिच्याकडे कोण बघणार?

काही जण म्हणतात, आपला समाज तरुण आहे, घाई कशाला? घाई आहे. मुस्लिम कुटुंबांत 1992-93 साली एका स्त्रीमागे सरासरी 4.4 मुलं होती. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ती 2.4वर आली. लोकसंख्येच्या नावाने आपल्याला बोल लावणारे हा आकडा सांगत नाहीत आणि आपणही त्यातून धडा घेत नाही. आपलं तरुणपण कायमचं नाही. आज शिकलो नाही, तर उद्या आपणही म्हातारे होऊ आणि तेही गरीबच.

व्यासपीठावर आपण मदिन्यात जखमींवर उपचार करणाऱ्या हजरत रुफैदा यांचं नाव अभिमानाने घेतो. मग शेजारची पोरगी नर्सिंगला जाते म्हणाली, की तिच्या बापाला आधी निकाहाची आठवण का करून देतो?

मला स्वस्त मजुरांची फौज नको आहे. नुसती ‘सेवा’ म्हणत राबवून घेणं हा फसवणुकीचाच एक प्रकार आहे. सरकारकडे आपण किमान वेतन, आठ तासांची पाळी आणि घरी जाऊन सांभाळणाऱ्यांची नोंदणी मागितली पाहिजे. ब्युरोला कमिशन देण्यापेक्षा या बायांची स्वतःची सहकारी संस्था का नको? दूध आणि ऊस सहकारातून उभे करणाऱ्या महाराष्ट्रात हे अशक्य नाही.

आणि जमातींनो, तुमच्याकडूनही मागणं आहे. एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा. एका शादीखान्याच्या मजल्यात किती मुलींची फी बसते, हा हिशेब पुढच्या बैठकीत मांडा. रात्रपाळीच्या मुलींना ने-आण करायला गाडी लावा.

दोस्तांनो, पुढच्या बैठकीत मी पुन्हा उठणार आहे. या वेळी अम्मीला सोबत नेईन. कुणाला हसायचं असेल, तर तिच्यासमोर हसावं.