डोंगरातली गावे आणि मुक्कामाची गाडी

पावसाळा सरला की शहरच्या मंडळींची डोंगराकडे रीघ लागते. तोरणा, हरिश्चंद्रगड, तोरणमाळ ही नावे त्यांच्या तोंडी असतात. पण गडाच्या पायथ्याचा माणूस तालुक्याला कसा जातो, हे त्यांस ठाऊक नसते. ती स्वतःच्या मोटारीतून येतात, शिधा बरोबर आणतात आणि कचरा तेवढा गावात ठेवून जातात. याला गाव पाहणे म्हणावे काय?

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) अशी पहिली एस. टी. धावली. पुढे ‘गाव तिथे एस. टी.’ हे ब्रीद झाले. डोंगरातल्या गावाला खरा आधार मुक्कामाच्या गाडीचा. सायंकाळी ती तालुक्याहून येते, चालक-वाहक गावातच रात्र काढतात आणि पहाटे तीच गाडी परत फिरते. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालणारा कुणबी, हायस्कुलात जाणारी पोरे, सारी तिच्यावर अवलंबून. ती बंद झाली की पहिला घाव मुलीच्या शिक्षणावर बसतो. मुलगा चार कोस तुडवील. मुलीला आईबाप घरी बसवतात. मग पासाची सवलत असून काय उपयोग?

फेरी बंद करताना ‘तोटा होतो’ असे सांगतात. आम्ही विचारतो, सर्वांच्या करातून बांधलेल्या घाटरस्त्याला कोणी नफा विचारतो काय? स्वित्झर्लंड देशात बारमाही शंभर माणसे राहतात अशा वस्तीच्या वाहतुकीस सरकार पैका पुरवते. तिथली पिवळी टपालमोटार आल्प्सच्या खोऱ्याखोऱ्यांत जाते, आणि परदेशी पाहुणेही तिच्यातूनच फिरतात. आमचा कुणबी त्या शंभरांहून हलका आहे काय?

तरी सगळा दोष सरकारावर टाकून चालणार नाही. मागून एस. टी. येते हे माहीत असूनही आपण वडापात चढतो. वडाप भरल्याशिवाय हलत नाही, मुसळधार पावसात येत नाही, पास मानीत नाही. एस. टी. रिकामी धावली तर तिच्या बंदीचा कागद आपणच लिहून दिला असे होते.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे आहे. गड पाहायला निघाल तेव्हा मुक्कामाच्या गाडीने जा. परतीची वेळ वाहकास रात्रीच विचारून ठेवा. ती चुकली तर दिवस मोडेल. गावात भाकरी खाल्ली तर तिचे दाम द्या, आणि गावकऱ्यांनीही ते घेण्यास लाजू नये. चूल फुकट पेटत नाही. गाडी बंद होण्याची कुणकुण लागताच ग्रामसभेचा ठराव करून आगार व्यवस्थापकाच्या हाती द्यावा व पोच घ्यावी. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. कागदाला उत्तर द्यावे लागते.