‘सगळं ठीक आहे’ म्हणण्याआधी

ऑक्टोबरात जर्मनीत हिवाळी सत्र सुरू होतं. त्यासाठी निघालेल्या चार-पाच मुला-मुलींचे फोन मला या महिन्यात आले. प्रश्न दरवर्षीचेच. कुकर न्यावा का? हलाल मिळतं का? थंडी किती असते? काम लगेच मिळतं का? कुकर जरूर न्या. हलाल मटण-चिकन तुर्की दुकानांत मिळतं. जाड जॅकेट तिथेच घ्या. या प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. मला आज लिहायचंय ते कुणीच न विचारलेल्या प्रश्नाबद्दल.

२०१४ मध्ये मी लातूर जिल्ह्यातून मास्टर्ससाठी जर्मनीला गेलो. व्याजाचं कर्ज नको म्हणून अब्बांनी गावाबाहेरची जागा विकली. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, म्हणून आमच्यासारख्या घराला तो देश परवडला. आजही गणित साधारण तेच आहे. मात्र बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० यूरो फी आहे, तेव्हा प्रवेश घेण्याआधी नीट वाचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ यूरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ यूरोच काढता येतात. रुपयांत ही रक्कम दहा लाखांच्या वर जाते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कर्जावरचं व्याज भरणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजनाही २०२२-२३ पासून बंद झाली आहे.

म्हणजे आपल्याकडचं पोर परदेशी जातं तेव्हा घरची जागा, अम्मीचे दागिने, मामूंनी उसने दिलेले पैसे, असं काही ना काही त्याच्या सोबत जातं. हे त्याला पक्कं माहीत असतं. म्हणूनच तिथे काही बिघडलं तर तो घरी सांगत नाही.

माझं तेच झालं. पोचल्यावर पहिले काही आठवडे कागदांत गेले. घर मिळाल्यावर पत्त्याची नोंदणी, आरोग्य विमा, बँक खातं, निवासाचा परवाना. हे सगळं उरकलं आणि मला वाटलं, बस्तान बसलं.

अभ्यासाचं मात्र मला काहीच कळलं नव्हतं. आपल्याकडे इंजिनिअरिंगला हजेरी, सबमिशन, जर्नल, इंटर्नल असं कुणी ना कुणी मागे लागलेलं असतं. तिथे बहुतेक लेक्चरना हजेरी नसते. बऱ्याच विषयांना सत्राच्या शेवटी एकच परीक्षा असते आणि तिच्यासाठी मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते. १.० सर्वांत चांगला ग्रेड, ४.० ला पास, ५.० म्हणजे नापास. मी एटीकेटीच्या सवयीचा, राहिला विषय तर पुढच्या वेळी काढू असं मानणारा. तिथे सहसा एका विषयाला तीनच प्रयत्न मिळतात. सक्तीच्या विषयात तिसराही हुकला तर विद्यापीठातून नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. हे परीक्षेच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ती उघडलीच नव्हती.

फेब्रुवारी २०१५ मध्ये तीनपैकी दोन विषयांत ५.० आले. त्या हिवाळ्यात साडेचारच्या आत अंधार पडायचा. मी दोन-दोन दिवस खोलीबाहेर पडत नव्हतो. रविवारी अम्मीचा फोन यायचा. “जेवलास का, बेटा?” “हो.” “अभ्यास?” “सगळं ठीक आहे, अम्मी.” चार महिने मी हेच सांगत राहिलो.

जुम्याला मशिदीत जायचो. खुतबा तुर्कीत असायचा, मला कळायचा नाही. नमाज झाली की कुणाशी न बोलता परत यायचो. जूनमध्ये रमजान आला. अठरा तासांहून मोठा रोजा, आणि जुलैमध्ये पुन्हा परीक्षा. एका संध्याकाळी इफ्तारला शेजारी मोरोक्कोचा एक विद्यार्थी बसला होता, माझ्याच विभागातला, दोन वर्षं पुढचा. त्याने सरळ विचारलं, “किती विषय निघाले?” मी पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलं. त्याने धीर वगैरे दिला नाही. फक्त विचारलं, “कितवा प्रयत्न?” मग म्हणाला, त्यातला एक विषय त्याचा तिसऱ्या वेळी निघाला होता.

दुसऱ्या दिवशी तो मला फाखशाफ्टमध्ये, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी समितीच्या खोलीत घेऊन गेला. तिथे जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या. प्राध्यापकांची आठवड्यातली भेटीची वेळही त्यानेच दाखवली. विचारायला गेलो तर अपमान होईल अशी माझी समजूत होती. सरांनी अर्धा तास बसून मी कुठे चुकतोय ते दाखवलं. सप्टेंबरात दोन्ही विषय निघाले, ३.३ आणि ३.७ ने.

त्यानंतर अब्बांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आधी सांगायचं होतंस. रात्री झोप तरी लागते का तुला?” जागेचं नावही त्यांनी काढलं नाही. मी महिनोन्‌महिने ज्या प्रश्नाला घाबरत होतो, तो त्यांच्या मनातच नव्हता.

म्हणून यंदा निघणाऱ्यांना माझं सांगणं असं. परीक्षेची नियमावली पहिल्याच महिन्यात वाचा आणि नोंदणीच्या तारखा लिहून ठेवा. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, पण जमलं तर पहिलं सत्र काम टाळा. विद्यार्थी सेवा संस्थेकडे मानसिक समुपदेशनाची सोय असते. तिथे जाणं म्हणजे इमान कमजोर असणं नव्हे. ताप आल्यावर डॉक्टरकडे जातो तसंच ते आहे. नमाज झाल्यावर लगेच उठू नका. शेजारच्याचं नाव विचारा.

घरच्यांनाही एक विनंती. फोनवर “निकाल कधी, नोकरी कधी” याआधी “मन लागतं का” हे विचारा, आणि उत्तर “नाही” आलं तर चिडू नका. मुलगी गेली असेल तर अडचण कळताच “परत ये” म्हणू नका. त्या भीतीनेच ती पुढच्या वेळी काही सांगणार नाही.

आणि आपण, जे जाऊन आलो किंवा तिकडेच आहोत, आपलं कामही कुकर आणि जॅकेटची यादी पाठवून संपत नाही. ज्यांनी मला या महिन्यात फोन केला, त्यांना मी डिसेंबरात स्वतःहून फोन करणार आहे. आपले नापास झालेले दोन विषय आधी सांगेन आणि मग त्यांचं विचारेन. तुमच्या ओळखीतही असं कुणी निघालं असेल. त्यांचा नंबर आजच घेऊन ठेवा.